पेन बदलून

कारखान्याच्या लॅबमध्ये एकवीस वर्षं
रसाची नळी उजेडाला धरते
आणि येईल तो आकडा लिहिते.
खाडाखोड नाही.
कुणी म्हणालं, "खराडे मॅडम, पॉइंट दोननं वर दाखवा की,
शेजारचा कारखाना पुढं चाललाय,"
तर तो माणूस जाईपर्यंत
मी चष्मा पुसत बसते.

इथं साखर वाढली की पेढे.
बारा पॉइंट चार, फळ्यावर खडूनं ठळक,
पाळीवरची पोरं शिट्ट्या मारतात.

मिरजेत साखर वाढली की
डॉक्टर पेन खाली ठेवतात.
एवढंच. पेन खाली ठेवतात
आणि विचारतात, "काय खाल्लं होतं?"
जशी मी पतपेढी फोडून आले.
नणंद फोनवर विचारते, "किती आली?"
हळदीकुंकवाला घाटग्यांची सून
माझ्यासमोरचा तिळाचा लाडू उचलून नेते,
हसून, माझ्याच भल्यासाठी.
"कशी आहेस?" हा प्रश्न
गेल्या अकरा वर्षांत कुठं सांडला काय की.

मग मी वही लिहायला लागले.
सोपं असतं.
उपाशीपोटी एकशे अठरा, जेवणानंतर एकशे बावन्न,
मधेच एखादा एकशे नव्वद, खरं वाटावं म्हणून.
निळं पेन, काळं पेन,
रविवारी लेकीचं जांभळं.
एका पानावर चहाचा ठिपका, मुद्दाम.
मशीन कपाटात, साड्यांच्या खाली,
पट्ट्यांची मुदत संपलेली.
तीन महिन्यांची तपासणी तेवढी फसत नाही,
म्हणून ती चुकवायची:
हंगाम आहे, ऑडिट आहे, पाहुणे आहेत.

रात्रपाळीला पायात मुंग्या,
मिलची घरघर जशी टाचेतच फिरते.
अल्ताफ चहा आणतो, बिनसाखरेचा.
कधीपासून, ते त्यानं सांगितलं नाही,
मी विचारलं नाही.
कप ठेवताना म्हणतो, "गरम हाय मॅडम, सावकाश."
त्या एका शब्दावर
कितीदा पहाट काढलीय.

आणि हे कुणालाच सांगितलेलं नाही:
दवाखान्याला जाताना आयर्विन पूल आला
की मी खिडकीकडं पाठ करून बसते.

या खेपेला डॉक्टरांनी पडद्यामागं पाठवलं.
डुगडुगतं टेबल, एका पायाखाली औषधाचं खोकं,
पलीकडं रेश्मा कोळेकर, माझ्या लेकीहून चार वर्षांनी मोठी असेल.
वही चाळली. अंगठा जांभळ्या रविवारवर थांबला.
"फार नीटनेटके आकडे आहेत तुमचे."
मी चष्मा काढला.
"झोप लागते का?"

पुसायला पदर घेतला
तर काच आधीच ओली.

काय काय बोलले, क्रम लागत नाही.
लाडू. मुंग्या. पट्ट्या. पूल.
पुलाशी ती थांबली, हळूच नीट विचारलं,
कधीपासून, किती वेळा, घरी कुणाला ठाऊक आहे.
पेन खाली ठेवलं नाही तिनं.
हातात घेतलंच नव्हतं.
निघताना म्हणाली, "मॅडम, चुकीचा आकडा असा काही नसतो."
मला रागच आला जरा.
मला शिकवते! एकवीस वर्षं!
"बुधवारी या. वही नका आणू.
येताना कुणाला तरी सोबत आणा."

परतीच्या एस्टीत पूल आला.
खाली बघितलं.
जानेवारीतलं पाणी, संथ,
कडेला म्हशी, नाकापर्यंत बुडून निवांत.
लेकीला फोन लावला. "बुधवारी मोकळी आहेस का?"
ती म्हणाली, "आई, काय झालं?"
म्हटलं, "सांगते. लांबलचक आहे."

रात्री मशीन काढलं साड्यांखालून,
नव्या पट्ट्या, जुनंच बोट.
दोनशे एक्क्याऐंशी.
हात कापला, आठ वाकडा आला,
तसाच ठेवला.
शेजारी रकाना नव्हता, तरी लिहिलं:
भीती वाटली.
त्याखाली, त्याच पेनानं:
दुपारी रानात हुरडा खाल्ला, गुळाशिवाय.

मग ते खोडलं.
वहीतली पहिली खाडाखोड.
थोडा लावून.